भिंतीवर ती जिंकली

मी एक जुनी बॅटरी आहे. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण आमच्या घरी तो मान मला कुणी दिला नाही. बोटाएवढी लांब, एका सेलवर चालणारी, एके काळी काळी कुळकुळीत. आता कडांचा रंग उडालाय. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला माझ्या बोलण्यात जळकेपणा जाणवेल. जाणवू द्या. मी जळतेच.

कारखान्यात माझ्या एलईडीभोवती एक खोल, गुळगुळीत वाटी बसवली गेली. एलईडी म्हणजे तांदळाच्या कणीएवढा दिवा. त्याचा उजेड मुळात बेताचाच. पण वाटी तो इकडेतिकडे सांडू देत नाही, सगळा गोळा करून एका रेघेत लांब सोडते. माझं कौतुक काय ते एवढंच.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी मला घेतलं आणि शर्टाच्या खिशात, थेट छातीशी ठेवलं. लिफ्ट ज्या पोकळीतून वर-खाली जाते, तिथे भर दुपारीही काळोख असतो. मिस्त्री वरच्या मजल्याचं दार उघडून वाकायचे आणि मला खाली रोखायचे. तळाशी एक खड्डा असतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी रिकामा पाहिल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही, ही त्यांची रीत. "हाकेवर भरवसा नको ठेवू, डोळ्यांवर ठेव," असं ते लेकीला बजावायचे. लेकही त्यांच्याच कामात शिरली होती. खड्ड्यात ती उतरायची, वरून नजर ते ठेवायचे, आणि त्यांची नजर म्हणजे मी! काय तोरा होता माझा तेव्हा.

मग ती आली.

लेकीने वडिलांना भेट म्हणून आणली. आखूड, जाडजूड, नवीकोरी. डब्यावर लुमेनचा हा एवढा मोठा आकडा. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती. तो उजेड किती लांब जातो, ते डब्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत छापलं होतं. ते वाचतंय कोण! लगेच आमची परीक्षा झाली. पडदे ओढले, दिवे घालवले आणि दोघींना समोरच्या भिंतीवर धरलं. तिने अख्खी भिंत उजळली. छत, कपाट, कोपऱ्यातलं शिवणयंत्र, सगळं लख्ख. माझा आपला भिंतीवर एक वाटोळा ठिपका.

"बाबा, तुमच्या बॅटरीने भिंतीला नुसतं बटण लावलंय!" लेक हसत सुटली.

"द्या आता तिला रजा," मिस्त्रींच्या बायकोनेही री ओढली.

मिस्त्री लेकीच्या फुललेल्या चेहऱ्याकडे बघून हसले आणि नवीला खिशात ठेवलं. माझ्या खिशात! माझी रवानगी झाली पान्ह्यांच्या पिशवीत, अगदी तळाला.

मित्रांनो, अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. ज्या इमारतीत जावं तिथे तिचं कौतुक. "वा, काय उजेड!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. ही सवत हातातून पडावी, तिची काच फुटावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. एकदा पडलीसुद्धा. मेलीला साधा ओरखडा नाही! इकडे माझ्या पोटातला सेल मात्र गळू लागला आणि स्प्रिंगवर पांढरा थर चढला.

एका दुपारी एका दवाखान्यात काम चाललं होतं. लिफ्ट सगळ्यात वर उभी. तिच्या खालच्या मजल्यावर, उघड्या दारात मिस्त्री. लेक तळाच्या खड्ड्यात. दुरुस्तीपुरती अशी जोडणी केली होती की दारं उघडी असली तरी लिफ्ट चालावी. तिचं बटण लांब वायरीने मिस्त्रींच्या हातात होतं. लेकीने खड्डा झाडून काढला आणि खालून हाक दिली, "झालं बाबा, निघाले मी!"

मिस्त्रींनी नवीला खाली रोखलं. पण झाडल्यामुळे धूळ उडालेली. तिचा पसरट उजेड त्या धुळीतच अडकला. जवळच्या भिंती, लोखंडी दोर, सगळं झगझगीत. तळाशी नुसतं पांढुरकं.

"झकास उजेड आहे हो!" शेजारी उभा असलेला वॉचमन म्हणाला. "करा चालू."

मिस्त्रींचा अंगठा बटणावर गेला. खरं सांगते, मला आनंद झाला होता. दिसत नाही ना? बरं झालं! होऊ दे तिची फजिती!

अंगठा थबकला. "उजेड आहे," मिस्त्री पुटपुटले, "पण खड्डा कुठे दिसतोय?"

त्यांनी पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं, बटण दाबलं. मी पेटलेच नाही. तळहातावर आपटलं, तरी नाही. सवतीसमोर माझंच हसं होणार, या धास्तीने मी गार पडले. पुन्हा आपटलं, आणि लागले एकदाची. उजेड अशक्त, पण रेघ सरळ. धूळ कापत ती तळापर्यंत गेली. तिथे एक पिवळं हेल्मेट होतं. वाकलेलं, काहीतरी चाचपडणारं.

"वर ये! आधी वर ये!" मिस्त्रींचा आवाज त्यांचा वाटेना.

"आले बाबा! पान्हा राहिला होता, म्हणून परत उतरले."

ती जिन्याने वर आली तेव्हा मिस्त्री पायरीवर बसले होते, एका हातात नवी, दुसऱ्या हातात मी. तिने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं.

"हिच्याने दिसत नव्हतं, तर सांगायचं ना बाबा!"

"तू आणली होतीस गं," मिस्त्री म्हणाले.

यावर ती रडली, मग वडिलांना रागावली, आणि तिथेच बसून तिने माझी स्प्रिंग खरवडून साफ केली.

मित्रांनो, बॅटरी वापरणार नसाल, तर सेल काढून ठेवत जा. आणि दोघींची परीक्षा घ्यायचीच असेल, तर घरातल्या भिंतीवर घेऊ नका. रस्त्याच्या टोकाला एखादं झाड असेलच, त्यावर घ्या.

मी पुन्हा खिशात आले. तुम्हाला वाटेल, आता जळकी निवली. छे! नवीला लेक आता खड्ड्यात नेते. जवळच्या कामाला पसरट उजेडच बरा, म्हणते. ती तिथे लेकीच्या पायाशी ऐटीत बसते. लेकीचं गुणगुणणं, घामेजलेला चेहरा, सगळं तिच्या वाट्याला. मिस्त्री वरून वाकतात, तेव्हा तिच्याच उजेडात त्यांना लेक दिसते, आणि मला न लावताच ते हसतात.

मला लावतात ते काम संपल्यावर, खालचा उजेड विझला की. माझ्या वाट्याला रोज फक्त रिकामा खड्डा येतो. तो मात्र मला रोज रिकामाच मिळू दे.