एक बेल म्हणजे थांबा

तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि वाळवंट जास्त होतं. नकाशा एवढा मोठा, की ताटं काठावर ठेवून जेवावं लागे. चहाचा एक डाग नेमका मिठाच्या मैदानावर पडला होता आणि माझ्या लेकीने, चिमणीने, तिथे पेनाने 'तळं' असं लिहून टाकलं होतं.

बेत असा होता: परदेशात बारा दिवस, भाड्याची उंच गाडी, तिच्या टपावर उघडणारा तंबू, आणि स्वतः चालवत चोवीसशे किलोमीटर. वाळूच्या टेकड्या, ते मिठाचं मैदान, वाळूने गिळलेलं एक ओस गाव. शेवटचे चार दिवस अभयारण्यात. तिथे पाणवठ्याशी गाडी लावून गप्प बसायचं, हत्ती येतील तेव्हा येतील. जाणार चौघं: आई, बाबा, मी आणि माझी आठ वर्षांची चिमणी. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. तक्ते करायचं काम माझ्याकडे, कारण दवाखान्यात नर्सांच्या ड्यूट्या मीच लावते आणि माणसांना कामाला लावायची खोड माझी घरी आल्यावरही जात नाही. गाडी बाबा चालवणार होते. त्यावर चर्चाच नव्हती.

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली, एकही अपघात नाही. त्यातली एकोणीस वर्षं त्यांच्या बसवर कंडक्टर होती आई. अजूनही लाडात आले की बाबा तिला 'मास्तर' म्हणतात. घरातही बसचाच कायदा: एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि बेल का दिली हे ड्रायव्हरने विचारायचं नाही. लहानपणी मी जेवताना फार वाद घालायला लागले की आई पेल्यावर एकदा चमचा वाजवायची. मी गप्प बसायचे. बाबाही बसायचे, त्यांचं वाक्य अर्धं राहिलं तरी.

गाडं अडलं होतं ते गाडी भाड्याने घ्यायच्या अर्जापाशी. तो शनिवारच्या आत पाठवायचा होता. त्यात 'मुख्य चालक' या ओळीवर नाव हवं होतं, आणि चालक पासष्टच्या पुढचा असेल तर डोळ्यांचा दाखला. बाबा एकोणसत्तर.

"उद्या जातो," ते म्हणायचे. हे 'उद्या' मी सलग नऊ दिवस ऐकलं. मी आवाज चढवला की आईला नेमकी गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण व्हायची.

आता मागे वळून पाहिलं की स्वतःचाच राग येतो. खुणा काय कमी होत्या? बाबा नकाशाकडे बघतच नव्हते. कुठला फाटा, तिथून खडीचा रस्ता किती, पेट्रोल पुढे कुठे मिळेल, सगळं तोंडपाठ. दुपारी आई त्यांना माझे तक्ते वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, जुनी सवय. नवा मार्ग मिळाला की पाठ करूनच गाडीवर चढायचे ना ते. मी त्याचं कौतुक दवाखान्यात सांगत होते, मूर्खासारखी.

गुरुवारी सकाळी आई दाढ काढायला गेली. चिमणी शाळेत. मी म्हटलं, "बाबा, चला, सराव करू. सामान भरलेली गाडी जड होणार. आपल्या गाडीच्या डिकीत पाण्याचे कॅन टाकते, बाहेरच्या रस्त्याने एक चक्कर मारून येऊ."

"आईला येऊ दे की."

"आई काय गाडी चालवते का?"

बाबांनी किल्ली उचलली.

गाडी त्यांनी सुरेख काढली. गल्लीतून वळण, शाळेचा चौक, पूल. रोजचा रस्ता. फक्त हात स्टिअरिंगवर जरा जास्त आवळलेले आणि वेग बैलगाडीचा. मी मांडीवर फाइल घेऊन पेट्रोलचा हिशोब करत होते: वाळूत गाडी किती जास्त पिणार, टाकी अर्धी झाली की भरायची की नाही. आकडा काही जमेना. वैतागून मी पेन्सिल समोरच्या डॅशबोर्डवर आपटली. एकदाच.

बाबांनी करकचून ब्रेक मारला.

पाण्याचे कॅन मागच्या सीटवर येऊन धडकले. मागून येणारा ट्रक हॉर्न कोकलत आमच्या बाजूने एवढ्या जवळून गेला, की आमची गाडी हलली.

"काय झालं?" मी ओरडले. "बाबा! काय झालं?"

"तूच तर बेल दिलीस," बाबा म्हणाले. आणि लगेच ओठ मिटून घेतले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. गाडी कडेला घ्यायला लावली आणि मी विचारलं, "समोर काय आहे?"

"रस्ता."

"आणि?"

"आणि काय? रस्ता आहे."

चाळीस पावलांवर दोन माणसं खांद्यावर लांबलचक शिडी घेऊन रस्ता ओलांडत होती. आरामात, गप्पा मारत. मी उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि बाबांना बाजूच्या सीटवर सरकायला सांगितलं. ते निमूट सरकले. घरापर्यंत गाडी मी चालवली.

आई परत आली होती. गाल फुगलेला, दाढेत कापूस दाबून धरलेला. टेबलाशी बसून पेल्यात मिठाचं पाणी ढवळत होती. आमचे चेहरे बघून चमचा थांबला.

"किती दिवस?" मी विचारलं.

तिला कापसामुळे बोलता येत नव्हतं. बोललं कोण, तर बाबा.

"दीड वर्ष. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं सगळं दिसतं, मधलं जातं. डॉक्टर म्हणाले, वाढला नाही तरी जाणारही नाही."

"आणि गाडी?"

"रस्ता कडेवरून कळतो. मधलं मास्तर बघते. अंगठी दारावर वाजवते. एक वाजली की थांबायचं."

इतकी वर्षं त्या दोघांच्या बेलचं मला कोण कौतुक. त्या क्षणी मला ती बेल उचलून खिडकीबाहेर भिरकावावीशी वाटली.

"चिमणीला शाळेतून रोज तुम्ही आणता," मी म्हटलं. "माझी पोर मागे बसवून, अंगठीच्या भरवशावर? आणि आई, तू? तू त्यांना बसू दिलंस?"

आई पेल्यात बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी फुगलेल्या गालावरून ओघळलं. तिने ते पुसलं नाही. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू, त्या वेळी नाहीच आली.

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मीच तिच्याकडून न सांगायचा शब्द घेतला होता. आणि ऐक, इथली गाडी सोडतो मी. आजपासून. चिमणीला तू आण, रिक्षा लाव, काहीही कर. पण तिथे मला चालवू दे. तो देश मी हत्तींसाठी निवडला असं वाटलं तुला? अगं, तूच वाचून दाखवलंस, तासतास समोरून गाडी येत नाही. रस्ता सरळ, माणूस नाही, सिग्नल नाही. मला तो सगळा पाठ आहे. एकदाच. मग आयुष्यात किल्लीला हात लावणार नाही."

तक्ते मी केले होते, बारा दिवसांचे, रंगीत पेनांनी. ज्या गोष्टीवर बोट ठेवून ते हे सगळं मागत होते, ती मीच त्यांना दाखवली होती. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

"तिथे संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात," मी म्हटलं. "घोड्याएवढी. ती मधोमधच उभी राहतात, बाबा."

"तुझी आई असेल शेजारी."

"आणि तिला एकदा शिंक आली तर? डोळा लागला तर?"

"एकोणीस वर्षांत नाही लागला तिचा डोळा," बाबा म्हणाले आणि नकाशाखालून चाचपून अर्ज बाहेर काढला. "उद्या दाखला मिळेल. एक ओळखीचे आहेत. ते फार तपासत नाहीत." पेन हातात घेऊन ते आईकडे वळले. "सांग तिला. मी आणि तू मिळून एक धड ड्रायव्हर होतो की नाही?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं, आता ही मान डोलावणार. आजवर डोलावलीच होती.

आईने चमचा पाण्यातून काढला आणि पेल्यावर वाजवला.

एकदा.

बाबांचा हात तिथेच थांबला. पेन कागदाच्या वर, टेकलेलंही नाही. आम्ही तिघं दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो. आईने चमचा टेबलावर पालथा ठेवला.

बाबांनी का म्हणून विचारलं नाही. खांदे तेवढे खाली आले त्यांचे, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"ती ओळ कुठे आहे?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "मुख्य चालकाची. बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यांनी पेनाचं टोक माझ्या नखाला टेकवलं आणि तिथून पुढे, मान तिरकी करून, कडेच्या नजरेने माझं नाव लिहिलं. अक्षरं ओळ सोडून वर चढली, पण पूर्ण नाव लिहिलं त्यांनी.

"दर फाट्याच्या आधी मी सांगेन," मला म्हणाले. "तू फक्त समोर बघायचं. नकाशात डोकं घालायचं नाही."

"बरं."

मग पेनाला टोपण लावून त्यांनी आईकडे तोंड केलं.

"मास्तर, आता दोन द्या की. प्रवासी खोळंबलेत."