आबांपुढचं शून्य

"धम्मदीप, तुझ्या डबड्याचं माझ्या उसाशी काय वाकडं हाय?"

बापूसाहेबांनी ऊसतोडीची यादी टेबलावर आपटली. कारखान्याच्या सांगवीतल्या गट ऑफिसात सकाळपासून वीसेक माणसं उभी होती आणि आपल्याला मागं ढकलून दुसऱ्या कुणाला तरी पुढं ओढलंय, याची प्रत्येकाला खात्री होती.

"आधी लागण, आधी तोड. मशीन तारीख बघतं, माणूस बघत न्हाय," धम्मदीप म्हणाला. हे वाक्य तो आठ वर्षं म्हणत होता आणि त्यातली सात वर्षं ते खोटं होतं.

सांगवीत लागणीची खरी तारीख कुणी सांगतच नसे. पाळी लवकर यावी म्हणून जो तो कागदावर उसाचं वय वाढवी. पूर्वी गेणबा कारकून पेन्सिलीनं यादी करत. कोण किती दिवस फुगवतो हे त्यांना पाठ. तेवढे मनात वजा करून ते पाळी लावत. १९९० साली धम्मदीपनं बारामतीत भाड्याच्या खोलीत बसून यादीचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या हंगामात कॉम्प्युटरनं सगळ्यांवर विश्वास ठेवला, आणि निम्म्या गावाची लागण एक जुलैची निघाली! मग त्यानं गेणबांना चहा पाजून पाजून वजावट काढून घेतली आणि एका चोरट्या फाइलीत भरली. बापूसाहेब एकोणीस दिवस. अय्युबभाई अकरा. सरुबाई चार, तेही जावेनं शिकवलं म्हणून. आणि भानुदास, म्हणजे धम्मदीपचे वडील, शून्य. हा एकच आकडा त्यानं गेणबांना विचारला नव्हता.

सोमवारी कारखान्याचे साहेब प्रोग्राम बघायला येणार होते. पसंत पडला तर थेट इंदापुरापर्यंतच्या गट ऑफिसांत तोच लागणार होता. धम्मदीपची आठ वर्षं कामी येणार होती.

"तारीख बघतं व्हय?" बापूसाहेब टेबलावर वाकले. "माझी लागण उरकल्यावर उरलेलं बेणं तुझ्या बापानं माझ्या बांधावरनं नेलं. मग त्याचा ऊस माझ्या आधी पिकला कसा?"

गेणबा रजिस्टरात उगाच काहीतरी शोधू लागले.

धम्मदीप लुना काढून सरळ मळ्यात गेला. आबा म्हशीपुढं वैरण टाकत होते.

"आबा, आपली लागण कवाची?"

"सांगितली की. पाच जुलै."

"आन् बेणं कवा आणलं?"

आबांच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "कोण म्हणलं?"

"ज्यानं दिलं त्यानं."

"जुलै सरत आला आसंल. समदेच सांगत्यात, म्याबी सांगितली. वजा करत्यातच की तितं!" मग त्यांनी लेकाकडं निरखून पाहिलं. "तू माझं वजा केलं न्हाईस?"

"न्हाय."

"कवापासनं?"

"पैल्यापासनं."

आबांनी पेंढी खाली ठेवली. "येड्या, बापाचंबी करायचं आसतं. मला वाटायचं, तुला ठावं हाय."

ऑफिसात परत येऊन त्यानं फाइल उघडली. शून्य खोडून पंचवीस टाकले. मशीननं ते मुकाट घेतले, जसं इतकी वर्षं शून्य घेतलं होतं. सोमवारनंतर कुठलाही कारकून कुणाच्याही नावापुढं असाच आकडा टाकणार आणि लोकांना सांगणार, मशीन तारीख बघतं.

त्यानं प्रोग्राम पुसला, फ्लॉप्या पिशवीत भरल्या आणि गेणबांकडं वळला.

"तात्या, सायबास्नी कळवा, येऊ नगा म्हणावं. बंद केलं हे काम."

"आठ वर्सांचं?" गेणबा चष्म्यावरून बघत राहिले. "म्हंजे शिव्या पुन्ना मलाच."

"तुमाला तोंडावर तरी देत्यात."

गेणबांनी रजिस्टर ओढलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि नव्यानं यादी धरली. एका नावाशी ते थांबले. धम्मदीप कॉम्प्युटरवर कापड घालून त्याची नाडी बांधत होता.

"भानुदासचं पूर्वी म्या किती धरायचो, सांगू?"

"नगं."

गेणबांनी आकडा लिहिला. धम्मदीप पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत त्यावरचा डावा तळवा काही त्यांनी उचलला नाही.