सृष्टीचं अंगावरचं तोडताना

हरणाबाईंनी आजवर कळपातली किती करडं दुधावरून तोडली असतील, त्याला गणती नव्हती. या कामात आपला हात धरणारं अख्ख्या आटपाडीत कुणी नाही, अशी त्यांची पक्की समजूत. शेळी गाभण राहिली की आधीचं करडू दुसऱ्याच्या कळपात नेऊन ठेवायचं, आईचा आवाज ऐकू येणार नाही इतक्या लांब. दोन दिवस ओरडतं, मग मुकाट पाल्याला तोंड लावतं. दीड वर्षाची नात सृष्टी काय करडापेक्षा शहाणी लागून गेली होती?

सून माया चौथ्या महिन्यात होती आणि तरी सृष्टीला अंगावर पाजत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, पाज खुशाल, फक्त पोटभर जेव.

"सोडंल की तिची ती, आत्या," माया म्हणायची.

हरणाबाईंना मात्र जुनी धास्ती होती. मुलगा दादासो अंगावर पीत होता तेव्हा त्यांना पुन्हा दिवस गेले होते, आणि ते पोर पोटात टिकलं नव्हतं. "वरच्याला पाजत बसलीस, खालचं गमावलंस," असं सासू म्हणाली होती. सासू जाऊन जमाना झाला, ते बोलणं काही गेलं नव्हतं. आता मायाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण हे सांगायचं सोडून त्या नुसत्या कावत राहायच्या.

आधी त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटला. घरात शांतता राहावी म्हणून मायानं तो लावून घेतला. सृष्टीनं तोंड वाकडं केलं, अंग शहारलं, थोडा विचार केला आणि सगळा पाला चाटून साफ केला. मग निवांत प्यायली. दादासो इतका हसला की चहा शर्टावर सांडला.

"हसू नगंस! आष्ट्याला न्हेती हिला समीक्षाकडं," हरणाबाईंनी जाहीर केलं. समीक्षा म्हणजे त्यांची लेक. "आठ दिसांत तोडून आणती." मायानं नको-नको म्हटलं, रडली, पण सासूपुढं तिचं काही चाललं नाही.

विट्याला गाडी बदलली आणि सृष्टीनं जो भोंगा लावला तो थांबेना. सगळी एस. टी. सल्ले द्यायला लागली. बिस्किट झालं, मोबाईल झाला, कंडक्टरची शिट्टीसुद्धा झाली. शेवटी जीव मेटाकुटीला येऊन हरणाबाईंनी तिला पदराआड घेतलं. "वड म्हणावं, काय हाय तितं!"

पोरगी गप. दोन मिनिटांत झोपलीसुद्धा. हरणाबाईंना एवढं हायसं वाटलं की त्यांनी शेजारणीला आपणहून खिडकी दिली.

पण आष्ट्यात निराळाच खेळ सुरू झाला. सृष्टीला आता आजीच हवी. वरण-भात, शेळीचं दूध सगळं मिटक्या मारत खायची-प्यायची, आणि मग आजीच्या चोळीला हात. लेकीच्या सासूसमोर, पाव्हण्यांसमोर, कुठंही. हरणाबाईंनी लाज गुंडाळून स्वतःला कडुलिंब लावून पाहिला. तो तर पोरीच्या ओळखीचाच होता. तिनं आनंदानं चाटला.

तिसऱ्या दिवशीच हरणाबाई आटपाडीला परत.

"तुटलं का करडू?" दादासोनं विचारलं.

"तू गप रं!" म्हणत त्यांनी पोर मायाच्या मांडीत टाकलं. "पाज बाई. मला सोडीव हिच्या तावडीतनं. पर... पोटातल्याला काय झालं तर?" आणि इतक्या वर्षांचं ते सगळं त्या एका दमात बोलून गेल्या.

माया सृष्टीला पाजत ऐकत राहिली. मग म्हणाली, "आत्या, माझी तपासणी झाली तवाच डॉक्टरीणबाईंना इचारलं हुतं मी. चांगल्या तब्येतीच्या बाईचं पाजण्यानं पोर जात न्हाई म्हणल्या. तुमच्याकडनं काय चुकलं नव्हतं."

हरणाबाई पदरानं डोळे पुसत शेळ्यांकडं निघून गेल्या आणि बराच वेळ तिकडंच बसल्या. त्यांना फार हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत मायाचा डोळा लागला होता. सृष्टी दुडुदुडु आली आणि आजीचा पदर ओढायला लागली. हरणाबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, हळूच दार लोटून घेतलं.

आतून मायाचा आवाज आला, "आत्या, कडुलिंब वाटून देऊ का?"