दादाच्या मुंग्या

चाळिशी उलटल्यावर मी ॲक्युपंक्चर शिकले तेव्हा घरात सगळ्यांनी माझी टर उडवली. नवरा तर पाहुण्यांना सांगायचा, हिच्याशी जपून बोला, टोचते. हसला नाही तो फक्त माझा थोरला भाऊ. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. थंडी पडली की त्याची बोटं टोकाकडून पांढरीफटक पडत, मग निळी, आणि चिमट्यातला स्क्रू कधी निसटला हे त्याला कळतही नसे. पायांचीही तीच गत. बोटं गेली की धंदा बसला, इतकं ते सरळ होतं. तरी तो डॉक्टरकडे न जाता माझ्याकडे आला, याचा मला केवढा तोरा.

आठवड्यातून दोनदा तो माझ्या खोलीतल्या अरुंद खाटेवर डोळे मिटून पडायचा. सुई जागेवर बसली की पेशंटला मुंग्या येतात, जडपणा जाणवतो. तो सांगतो, त्यावर आम्ही पुढची सुई ठरवतो. मी विचारायचे, "आल्या?" तो म्हणायचा, "आल्या." माझ्या हाताला गुण आहे, असं मी तीन महिने ज्याला त्याला ऐकवत होते.

त्या दिवशी पायाची पाळी आली. आमची सुई प्लास्टिकच्या बारीक नळीत असते. नळी कातडीवर टेकवायची आणि वरून टिचकी मारायची. मी टिचकी मारली आणि सवयीने विचारलं.

"आल्या. थेट टाचेपर्यंत," दादा म्हणाला.

नळी उचलली तर आत सुईच नव्हती. ती ट्रेमध्येच घरंगळली होती.

मी त्याच्या अंगठ्याशेजारचं बोट दाबलं, मग नखाने चिमटा काढला. दादा शांत पडून होता. बोटाचं टोक काळं पडलं होतं. टेबलाचा पाय लागला, असं तो मागच्या आठवड्यात म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती.

कधीपासून कळत नाहीये, मी विचारलं. तो उठून मोजा शोधू लागला.

"पहिल्यापासूनच. पहिल्या दिवशी नाही म्हणालो, तर तुझं तोंड एवढंसं झालं गं."

मला त्याचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला. एवढी मोठी वैद्यीण, पण सख्ख्या भावाचा पाय नीट बघितला नाही.

हॉस्पिटलात सर्जनने हातपाय तपासले. पायाची दोन बोटं काढावी लागतील, उजव्या तर्जनीचं टोकही वाचेलसं वाटत नाही, म्हणाले. तीन महिन्यांपूर्वी आला असता तर कदाचित औषधांवर भागलं असतं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि इतके दिवस उपचार कुठे चालू होते, ते विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "कुठेच नाही, साहेब. अंगावर काढलं."

सर्जन त्याला वाट्टेल ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी त्याच्या चपला हातात धरून शेजारी उभी होते, आणि मी एक शब्द बोलले नाही.