सरकार विरुद्ध कुंदन

धुळ्याच्या कोर्टात पुकारा झाला, "सरकार विरुद्ध कुंदन!" आणि माझं डोकंच फिरलं. कुऱ्हाड बसली माझ्या हातावर, बोटं वळत नाहीत माझी, आणि भांडण म्हणे सरकारचं!

कुंदन माझा धाकटा चुलतभाऊ. बांधावरच्या लिंबाच्या फांद्या मी त्याला न विचारता छाटल्या. त्याचा राग म्हणजे आग. हातात होती ती कुऱ्हाड त्याने फिरवली. दवाखान्यात पडल्या पडल्या मीही चिडून फिर्याद दिली.

पुढे श्रावणात घरी कानबाई देवी बसली. तिच्या नैवेद्याचे रोट सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे, आणि आमच्या कुळात मनात आढी ठेवून त्या पंगतीला कुणी बसत नाही. ज्याला लागलं त्याने आधी समोरच्याने काय केलं ते चारचौघांत बोलायचं, मग "सोडलं" म्हणायचं. बोलल्याशिवाय सोडलेलं धरत नाहीत. मी बोललो, सोडलं. कुंदन ढसाढसा रडला. तेव्हापासून तोच मला सगळीकडे नेतो, कारण मला गाडीचं हँडल धरता येत नाही. आजही त्याच्याच मोटारसायकलवर बसून त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलो होतो.

"साहेब, माझी फिर्याद मागे घ्यायची आहे," मी सरकारी वकिलांना म्हणालो.

"फिर्याद तुमची, पण खटला सरकारचा. या कलमात तडजोड चालत नाही. तुम्ही आता फक्त साक्षीदार."

कुंदनच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. "कोणी मारलं ते दिसलं नाही, एवढंच म्हणा. फार तर फितूर ठरवतील."

भर दुपारी समोरून बसलेला घाव दिसला नाही म्हणू? तेही शपथ घेऊन? मला काही ते पटेना. खरं बोलून सोडून दिलं की मिटतं, हेच मी जन्मभर बघत आलोय.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. कोणी मारलं, असं सरकारी वकिलांनी विचारलं.

"ह्याने. कुऱ्हाडीने." मी कुंदनकडे बघून सांगितलं. रोटाच्या पंगतीत दाखवला होता तसा हात वर करून सगळ्यांना दाखवला. मग मोठ्याने म्हणालो, "पण साहेब, मी सोडलं. माझ्या मनात आता काही नाही."

सरकारी वकील समाधानाने खाली बसले. कुंदनच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. आरोपीच्या पिंजऱ्यातून कुंदन मात्र मला हात जोडत होता.

बाहेर आल्यावर त्याचे वकील मला म्हणाले, "काय केलंत हे, पंडितभाऊ! तुमच्या माफीने शिक्षा कमी झाली तर होईल थोडी. पण गुन्हा तुम्हीच शाबीत करून दिलात. तो आता आत जाणार."

मी कोर्टाच्या दाराकडे वळलो. परत आत जाऊन काय सांगू? बोललेलं सगळं खरंच होतं.

कुंदन गाडी घेऊन आला. किती दिवसांनी हसत होता!

"भाऊ, तुम्ही सोडं म्हणनात ना, मना जीव हलका व्हई गया. आते बठ्ठं मिटनं ना?"

सगळं मिटलं का, हे तो मलाच विचारत होता. त्याने माझा तो हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

"बठा भाऊ. माले घट्ट धरा."

मी धरायला गेलो, पण बोटं वळेनात.