कलावती बनारसला गेली आहे

शिंक येणार असं वाटताच कलावतीनं पदराचा बोळा करून नाकातोंडावर दाबला. शिंक आतल्या आत जिरली, पण डोळ्यांना पाणी आलं. बंद दाराबाहेर ओट्यावर, हातभर अंतरावर, शेजारची ठमाबाई तांदूळ निवडत बसली होती. आणि ठमाबाईच्या लेखी कलावती या वेळी बनारसला होती.

ठमाबाईचं सोडा, रेल्वेच्या कागदांतही ती बनारसलाच होती. तिचा भाऊ महिपत कल्याणच्या लोकोशेडमध्ये फिटर. दिवाळी सरली की त्याला घरच्यांसाठी फुकट पास मिळे आणि त्यावर बायको विमलाबाईच्या नावाखाली ‘विधवा बहीण कलावती’ असं लिहिलेलं असे. पाच वर्षांपूर्वी पहिला पास निघाला, तेव्हा कलावतीनं आठ दिवस आधीच वळकटी बांधून ठेवली होती. ऐनवेळी विमलाबाई म्हणाली, आपण खरेदीला चाललोय, विधवा बाईला तिथं काय घ्यायचंय? एवढ्या वेळी तिच्या नावावर माझ्या रतनला येऊ दे. रतन ही तिची धाकटी बहीण, नव्या लुगड्यासाठी जीव टाकणारी. ‘एवढ्या वेळी’ पाच वर्षं चाललं. तिकीट तपासनीस डब्यात चढला, की नवरा धडधाकट असताना रतन कुंकू पुसून कलावती व्हायची आणि तो उतरला, की डबी काढून पुन्हा रतन व्हायची. हौसेला मोल नाही म्हणतात, ते उगीच नाही.

राहिली खरी कलावती. क्वार्टर्सच्या ओळीत सगळी शेडचीच माणसं. कुणी तिला पाहिलं असतं, तर महिपतची नोकरी गेली असती. म्हणून मंडळी पहाटे, ओळ झोपेत असताना निघत आणि परतत तीही रात्री उशिरा. महिपत बाहेरून कुलूप लावी आणि आठ दिवस ती आत राही. चूल पेटवायची नाही, धूर दिसतो. दशम्या, चुरमुरे आणि गूळ यांवर भागवायचं. भांडं वाजवायचं नाही, खोकायचं नाही. कुलूप लावताना महिपत तिच्या तोंडाकडे बघत नसे. माणूस वाईट नव्हता, बायकोपुढे त्याचं चालत नसे. तरी कलावतीला त्याचा राग यायचा, आणि ज्याचं अन्न खातो त्याचा राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटायची.

मंडळी परत आली की ओळीतल्या बायका तिला घेरत. काहीतरी सांगणं भाग होतं. विमलाबाई घरात तोंडभर बोलायची, ते कलावती मनात साठवून ठेवी. लुगडी घ्यावीत इंदूरला, लाखेच्या बांगड्या जयपूरला, जर सुरतेची. बनारसला शालू घ्यायचा, पण स्टेशनवर गळ्यात पडणाऱ्या दलालाबरोबर दुकानाची पायरी चढायची नाही. कुठल्या दुकानाला किती पायऱ्या, हेही तिला पाठ. होता होता सुट्टीत खरेदीला कुठल्या गावी जावं, हे सगळी ओळ कलावतीलाच विचारू लागली.

आज बाहेर ठमाबाई आपल्या मालनशी बोलत होती. मालनचं लग्न माघात ठरलं होतं.

“बस्ता इंदूरलाच बांधू. कलावती येऊ दे, तिलाच नेऊ बरोबर. तिचं तिकीट आपण काढू. ती असली की कोण फसवायचं नाय.”

कलावतीनं दाराला कान लावला. तिच्या नावाचं तिकीट, आणि त्यावर ती स्वतः! उरलेला दिवस आणि दुसरा अख्खा दिवस ती कणगीला टेकून इंदूरला जात राहिली. तिसऱ्या दिवशी गाडी मनातल्या मनात पोचली आणि फलाटावर ठमाबाईनं विचारलं, आता कुठल्या बाजूला? कलावतीला सांगता येईना. ठमाबाई अडाणी असेल, खुळी नव्हती. शिवाय तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. परतल्या दिवशीच शेडभर झालं असतं. मग भावाची नोकरी, हे क्वार्टर आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर, सगळंच गेलं असतं.

मंडळी परतली. दुसऱ्या सकाळी ठमाबाई आली, बनारसची चौकशी करून तिनं मुद्द्याला हात घातला. आत भांडी घासणाऱ्या विमलाबाईचे हात थांबले.

“इंदूर?” कलावती म्हणाली. “नको ठमाबाई. फिरून फिरून कंटाळा आलाय मला.”

ठमाबाईला ते लागलं. “भाऊ फिरवतो बाई तुला. आम्ही कधी कसाऱ्याच्या पलीकडं गेलेलो नाय.”

कलावतीनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. खंडव्याला उतरायचं, तिथून छोटी लाइन. पहिल्या दुकानात हो म्हणायचं नाही. पदर उलटा करून वीण बघायची. एक शब्द चुकला नाही. ठमाबाईचा राग काही निवळला नाही, पण तिनं ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी मालन पाया पडायला आली. कलावतीनं तिच्या हातात भोकाचा पैसा ठेवला.

“खंडवा सोडलं की नर्मदेचा पूल लागतो. सगळे पैसा टाकतात. हा माझ्या नावानं टाक.”

“मावशी, तिथं पाणी कसं दिसतं हो?”

विमलाबाईनं हे कधी सांगितलं नव्हतं.

“तू खिडकीशी बस,” कलावती म्हणाली, “आणि नीट बघून ये. आल्यावर मला सांग.”