राणीचं वाक्य

शेवगावच्या ज्या इंग्रजी शाळेत मी अकरा वर्षं इतिहास शिकवला, तिथल्या या वर्षीच्या गॅदरिंगवरून माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. देवश्री मुळे मॅडमनी मुलांना फूस लावली, असं अजूनही काहीजण म्हणतात. मी कुणाला फूस लावली नाही. काय झालं ते सांगते, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

नाटक मोनिका मॅडमनी लिहिलं होतं. त्या आमच्या प्राचार्या, शिवाय संस्थाचालकांच्या सूनबाई. प्रमुख पाहुणे अमेरिकेहून येणार होते, मूळचे नगरचेच, म्हणून नाटकही तिकडचं निवडलं. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज पहिल्यांदा व्हर्जिनियात कायमची वस्ती करायला उतरले, त्याची गोष्ट. जहाज येतं, इंग्रज ओसाड जमिनीवर किल्ला बांधतात, हिवाळ्यात उपाशी मरायला लागतात. मग जंगलातून पिसं लावलेले लोक नाचत येतात आणि त्यांना मका देतात. शेवटी झेंडा रोवायचा आणि सगळ्यांनी गाणं म्हणायचं. नाटक इंग्रजीत, पंधरा मिनिटांचं.

डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची गोरी मुलं इंग्रज झाली आणि वस्तीवरून बसनं येणारी सावळी मुलं पिसंवाली. मी विचारलं तेव्हा मोनिका मॅडम म्हणाल्या, "लूक मॅच व्हायला नको का?"

पिसंवाल्यांच्या राणीचं काम नववीतल्या रेश्माला मिळालं. गावाबाहेर वस्तीवर राहणारी, अभ्यासात बरी, पण तोंडानं फटकळ. तिला सगळ्या नाटकात एकच वाक्य होतं. गुडघे टेकून, टोपली पुढे करून इंग्रजीत म्हणायचं, "मित्रांनो, आमचा मका घ्या, आम्हाला त्याची गरज नाही." समोर डॉक्टरांचा धवल उभा असायचा. तो इंग्रजांचा कप्तान. टोपली उचलायची आणि हसायचं, एवढंच त्यानं करायचं.

तालमीत स्टेजच्या कडेला मी कपड्यांची यादी करत बसले होते. रेश्मा वाक्य म्हणायची आणि अडखळायची. तिसऱ्यांदा मोनिका मॅडम ओरडल्या, तेव्हा ती उठून उभी राहिली.

"मॅडम, मक्याची गरज नाही असं कोण म्हणेल? आमच्यात कडब्याची कुट्टीसुद्धा कुणी फुकट देत नाही."

मुलं हसली. मोनिका मॅडम म्हणाल्या, "ते चांगले लोक होते बेटा, म्हणून दिला. चल, पुन्हा."

"मग पुढं त्या लोकांचं काय झालं?"

"पुढे गाणं आहे," मोनिका मॅडम म्हणाल्या.

मी हसले नाही. मला लाज वाटली. मी इतिहासाची एम.ए., आणि पुढं काय झालं ते मलाही नीट सांगता आलं नसतं. दर वर्षी मी मुलांना तारखा देत आले होते. सोळाशे सात साली पहिली कायमची इंग्रज वसाहत, अधोरेखित करा, परीक्षेला येतं.

मग मी शोधून वाचलं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस वाचलं. ज्या जमिनीवर इंग्रजांनी किल्ला बांधला ती ओसाड नव्हती. ती पास्पाहे नावाच्या लोकांची होती, ते तिथं शिकार करत, जवळच शेती करत. इंग्रज आले तेव्हा त्या मुलखात गेल्या सातशे वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ चालू होता. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून हल्लीच्या शास्त्रज्ञांनी तो मोजला आहे, सात वर्षं. त्या दुष्काळात इंग्रजांना मका हवा होता. आधी तो मिळाला. काही भेट म्हणून, काही तांबं आणि मणी देऊन. पुढं मिळेना, तेव्हा त्यांनी बंदुका दाखवून नेला.

सोळाशे दहाच्या ऑगस्टमध्ये सत्तर इंग्रज सैनिक पास्पाहेंच्या गावावर चालून गेले. पंधरा-सोळा माणसं मारली, घरं जाळली, उभा मका कापून टाकला. राणीला आणि तिच्या लेकरांना पकडून नावेत बसवलं. यांना जिवंत का ठेवलं म्हणून सैनिक कुरकुरायला लागले. तेव्हा त्या लेकरांना नदीत फेकलं आणि पाण्यात गोळ्या घालून मारलं. राणीला नंतर रानात नेऊन तलवारीनं भोसकलं. हे शत्रूनं रचलेलं नाही. त्या मोहिमेच्या इंग्रज म्होरक्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे, काल बाजारात जाऊन आलो असं लिहावं इतक्या थंडपणानं.

आणि त्या बाईच्या तोंडी आम्ही वाक्य घातलं होतं, आम्हाला गरज नाही.

सोमवारी सकाळी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. कागद पुढं ठेवले. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं.

"मुळे मॅडम, हे गॅदरिंग आहे. पालक फोटो काढायला येतात. मी स्टेजवर मुलांना गोळ्या घालू का?"

"घालू नका. निदान ते वाक्य काढा. ओसाड जमीन म्हणता, तेही काढा."

"चारशे वर्षांपूर्वीचं, तेही तिकडचं. आपला काय संबंध?"

"संबंध नव्हता तर नाटक कशाला घेतलं?" माझा आवाज चढला होता. "तेच लोक, तीच वर्षं. तिकडं व्हर्जिनियात वस्ती केली आणि लगोलग सुरतेला वखारीची परवानगी मागायला आले. आपल्या मुलांना पिसं लावून गुडघ्यावर बसवायचं आणि आपला संबंध नाही म्हणायचं?"

"पाहुण्यांना वाईट वाटेल."

"त्यांच्या देशात हे सगळं छापलेलं आहे, मॅडम. तिथूनच तर मी वाचलं."

त्यांनी कागद परत केले. "नाटक ठरल्याप्रमाणे होईल."

दुपारी नववीवर माझा तास होता. तो माझा तास होता आणि विषय माझा होता, म्हणून मी मुलांना वाचलं ते सांगितलं. नाटकाबद्दल एक अक्षर बोलले नाही. रेश्मानं फक्त विचारलं, "तिचं नाव काय हुतं?"

"नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही," मी म्हणाले. वसाहत करणाऱ्यांच्या घोड्यांची, जहाजांची, त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं इतिहासात सापडतात. तिचं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी रेश्माची आजी मुक्ताबाई शाळेत आली. टोपलीत भरायला खरी कणसं तीच आणणार होती, तसं आधीच ठरलं होतं. ती मोकळ्या हातानं आलेली पाहून मोनिका मॅडम धावल्या.

"आजी, कणसं?"

"घरी हायेत. गाईला घालीन."

"अहो, तुम्ही कबूल केलं होतं!"

"व्हय, केलं हुतं. तवा मला ठावं नव्हतं कुनाला द्यायचीत." मुक्ताबाईनं पदर खोचला. "पोरीनं समदं सांगितलं मला. दुष्काळात त्या बाईचा मका घेतला आन् तिची लेकरं पान्यात मारली. आमी चाऱ्याच्या छावनीत सहा महिने काढलेत जनावरं घेऊन, बाई. दुष्काळात कोन म्हनतं का, आमाला नको, तुमी न्या? माझं एक कनीस मिळायचं न्हाई."

मोनिका मॅडमनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग रेश्माला म्हणाल्या, टोपली रिकामीच घे, जरा उंच धर, लांबून कुणाला कळत नाही.

संध्याकाळी सहाला नाटक सुरू झालं. मंडप भरलेला, पुढच्या सोफ्यावर पाहुणे. किल्ला उभा राहिला, हिवाळा आला, इंग्रज पोट धरून लोळले. ढोल वाजला आणि पिसंवाली मुलं नाचत आली. सगळ्यांच्या मागं रेश्मा. ती धवलच्या समोर आली आणि गुडघे टेकायचे तिथं उभीच राहिली.

मग तिनं टोपली लोकांकडं करून पालथी केली. काही पडलं नाही.

"नो रेन धिस इयर," ती मोठ्यानं म्हणाली. "नो कॉर्न. वुई आर ऑल्सो हंग्री."

धवल गोंधळला. त्यानं विंगेत पाहिलं. तिथून मोनिका मॅडम हातवारे करत होत्या, पण त्याला काही कळेना. मग त्यानं कमरेची थर्माकोलची तलवार उपसली, रेश्माच्या अंगावर रोखली आणि ओरडला, "देन वुई विल टेक इट!"

ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. कप्तानाच्या कपड्यात उभं राहिल्यावर त्याला ते आपोआप सुचलं.

आणि मंडपात टाळ्या पडल्या. जोरात. कुणीतरी शिट्टी वाजवली. मोबाईल वर झाले. डॉक्टरांचा गोरापान मुलगा तलवार काढून शोभत होता, एवढंच लोकांना दिसलं. तलवारीच्या टोकाशी त्यांच्याच तालुक्यातली एक मुलगी रिकामी टोपली घेऊन उभी होती, ती कुणाला दिसली नाही. इतका संताप मला केबिनमध्येही आला नव्हता.

मधल्या रांगेत मुक्ताबाई उठली. शेतात हाळी द्यायचा आवाज तिचा.

"टाळ्या कशाला वाजवताय? पोरीवर तलवार काढली त्यानं! लाज न्हाई वाटत?"

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या दोन रांगा थांबल्या, मागं चालू राहिल्या, मग तिथंही कुजबुज झाली. पडदा पडला. झेंडा रोवला गेला नाही, गाणंही झालं नाही.

पडद्यामागं मोनिका मॅडम रेश्माला म्हणाल्या, "चांगला रोल दिला तर हे गावंढळपण! पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू घालवलीस."

मी मध्ये गेले. "तिला एक शब्द बोलायचा नाही. एवढ्या नाटकात खरं एवढंच होतं. बाकी सगळं खोटं आपण मुलांकडून पाठ करून घेतलं, मीही घेतलं."

पाहुण्यांनी जाताना मला एवढंच विचारलं, "ही गोष्ट तुम्ही कुठे वाचलीत?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते गाडीत बसले. त्यांना वाईट वाटलं की नाही, मला माहीत नाही.

दोन दिवसांनी मला नोटीस आली, सात दिवसांत लेखी माफी मागा. मी चार पानी उत्तर दिलं, त्यात माफी नव्हती. माझा इतिहासाचा तास काढून मला तिसरीवर परिसर अभ्यास दिला. रेश्माकडूनही माफीनामा लिहून घ्यायचा घाट होता. मुक्ताबाई शाळेत येऊन बसली, "कागद आना, मी अंगठा देते, पर आदी त्यावर काय लिवलंय ते समद्या वर्गाम्होरं वाचा." कागद निघाला नाही.

मार्चमध्ये एका मधल्या सुट्टीत धवल माझ्याकडं आला.

"मॅडम, मी ते का बोललो? स्क्रिप्टमध्ये नव्हतं."

"तुला काय वाटतं?"

"तिच्याकडे मका नव्हता आणि माझ्याकडे तलवार होती." तो खाली बघत होता. "पप्पांनी तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. मला आवडत नाही तो."

केबिनमध्ये नेले होते ते कागद मी पर्समधून काढून त्याला दिले. त्यानं तिथंच उभ्यानं वाचले, घंटा झाली तरी वाचत राहिला.

एप्रिलअखेर मी शाळा सोडली. आता नेवाशाजवळच्या एका मराठी शाळेत आठवीला शिकवते. पाठ्यपुस्तकात वसाहतवादाचा धडा आहे. त्यातल्या तारखा मी दोन मिनिटांत उरकते आणि पुस्तक मिटून ठेवते. मग नाव नसलेल्या त्या राणीची गोष्ट सांगते.